संध्याकाळचा भोंगा

आमच्या प्रभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा एकाने जुन्या पाण्याच्या टाकीचा फोटो टाकला. टाकीच्या माथ्यावर पालिकेचा गंजलेला भोंगा आहे. त्याला रंग द्यावा आणि खाली ‘सेल्फी पॉइंट’ करावा, अशी त्याची सूचना. लगेच अंगठ्यांची रांग लागली. ज्या गावात गटारीवर झाकण टाकायला मुहूर्त सापडत नाही, तिथे सेल्फीला मात्र सगळे एका पायावर तयार. मी काही लिहिलं नाही. फोन पालथा ठेवला. त्या भोंग्याखाली उभं राहून कुणी दात काढत फोटो काढावा, हे मला सोसवणार नाही. का, ते सांगते.

शहराचं नाव तेवढं सांगत नाही. लातूरचे म्हणतील आमचं, नांदेडचे म्हणतील आमचं, म्हणू देत. वडिलांबरोबर सभेत बसलेल्यांची लेकरंबाळं अजून इथेच आहेत, आणि मलाही इथेच राहायचं आहे.

माझे वडील नगरपालिकेत निवडून आलेले होते. आमच्याकडे नगरसेवकाला ‘मेंबर’ म्हणतात. कापडाचं दुकान होतं, पण दुकानातल्या गिऱ्हाइकांपेक्षा ओट्यावरची गर्दी जास्त. वडिलांनी दात घासायच्या आत माणसं येऊन बसलेली असायची. कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणाच्या दारात डुक्कर मरून पडलंय, कुणाच्या बोळातला दिवा गेलाय. आई म्हणायची, “गावाची घाण ओट्यावर येते आणि माझा चहा गावात जातो.” वडील कुणालाच नाही म्हणत नसत. “होऊन जाईल,” एवढं म्हणायचे, आणि समोरचा माणूस काम झाल्यासारखा उठून जायचा. हा त्यांचा गुण पुढे त्यांच्याच गळ्याशी आला.

भोंगा तेव्हा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी वाजायचा. दुपारचा वाजला की बाजारातले दुकानदार शटर अर्धं ओढून डबा उघडायचे. रमजानात सूर्य मावळला की एक जादा भोंगा व्हायचा. शेजारी बांगड्यांचं दुकान असलेल्या चाची राहायच्या. त्यांच्या कितीतरी पिढ्या याच गल्लीत बांगड्या भरण्यात गेलेल्या. त्या खजुराची वाटी मांडीवर घेऊन ओट्यावर बसायच्या. भोंगा झाला की पहिला खजूर त्यांच्या तोंडात आणि दुसरा माझ्या. रोजा त्यांचा, पण भोंग्याची वाट मीच जास्त बघायचे.

मग भूकंप झाला.

वडिलांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, तेरणेकाठच्या एका गावात दिलेली होती. वडील तिला अक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. दगडमातीचं घर, वर मातीचं जाड माळवद. त्या पहाटे तिचे यजमान आणि एकुलता एक मुलगा आत झोपले होते. अक्काला आत उकडत होतं म्हणून ती अंगणात बाज टाकून होती. तेवढ्यावर ती वाचली. याहून जास्त आम्हाला माहीत नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही.

वडील तिला घेऊन आले. ती आमच्या अंगणात लिंबाच्या बुडाशी बसली ती बसलीच. जेवायला आत येईना, अंघोळीला आत येईना. आईने चादरींचा आडोसा केला तेव्हा कुठे अंगावर पाणी घेतलं. तसं तेव्हा कोणीच आत झोपत नव्हतं. सगळी गल्ली रस्त्यावर आली होती. रोज नवी अफवा यायची, की आज पुन्हा होणार. थंडी वाढली, पोरांना खोकले लागले, तरी उंबरा ओलांडायला माणसं धजावत नव्हती. वडिलांच्या ओट्यावर आता नळाचं कुणी बोलत नव्हतं. सगळे एकच विचारायचे, “मेंबर, आत जावं का?” यावर “होऊन जाईल” म्हणता येत नव्हतं.

एका संध्याकाळी अवकाळी पावसाची भुरभुर सुरू झाली. अक्का लिंबाखालून हलेना. वडील तिच्यापुढे उकिडवे बसले. मी गोधडी घेऊन मागे उभी होते, म्हणून हे बोलणं मला शब्दाला शब्द आठवतं.

“अक्का, पालिकेनं भोंग्याला यंत्र बसवलंय. जमिनीच्या पोटात जरा खुट्ट झालं की भोंगा आपोआप बोंबलतो. हलायच्या आधीच. समद्यांना बाहेर पळायला येळ मिळतो.”

अक्काने मान वर केली. “खरं म्हणतूस?”

“मी मेंबर हाय. मला ठाव नसंल?”

“मग रोज कशापाय वाजतोय?”

वडील अडखळले, पण क्षणभरच. “चालू हाय का बंद, ते रोज बघाय नको का?”

“समद्यांस्नी ऐकू जातं?”

“आख्ख्या गावाला.”

“झोपल्यालास्नी बी?”

“अगं, मेलेला बी उठंल,” वडील बोलून गेले, आणि त्यांनी जीभ चावली.

भुरभुर तशीच चालू होती. मग अक्काने माझ्या हातातली गोधडी घेतली, गुडघ्यावर हात देत उठली आणि घरात आली.

चाचींनी हे भिंतीपलीकडून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या भोंग्यापर्यंत ही बातमी सगळ्या गल्लीत पोचली आणि संध्याकाळी माणसं बाजा उचलून घरात न्यायला लागली. आपल्या माणसांचा सरकारवर विश्वास नसतो, पण सरकारने यंत्र बसवलं म्हटलं की लगेच बसतो. शाळेतले विज्ञानाचे गुरुजीसुद्धा ओट्यावर येऊन वडिलांचा हात हातात घेऊन गेले. वडिलांचा चेहरा मात्र चोरासारखा झाला होता. नाही म्हणावं तर पोरं पुन्हा थंडीत येणार. ते गप्प बसले. आई पुढे कित्येक वर्षं म्हणायची, की पुढली निवडणूक हे कामावर नाही, भोंग्यावर जिंकले.

गल्ली हळूहळू भूकंप विसरली आणि यंत्रही विसरली. अक्का नाही विसरली. रोज संध्याकाळी ती ओट्यावर येऊन टाकीकडे तोंड करून बसायची. भोंगा झाला की म्हणायची, “वाजला. चालू हाय.” मग चौकटीवर तळहात टेकवायचा आणि आत यायचं. तिच्यासाठी तो दिवेलागणीचा नमस्कार होता.

वीज गेली की पंचाईत. वीज नाही म्हणजे भोंगा नाही, आणि भोंगा नाही म्हणजे अक्का बाहेर. तिची बाज अंगणात, आणि तिच्यावर नजर ठेवायला वडिलांची बाज शेजारी. शेवटी वडिलांनी सभेत भांडून टाकीच्या वॉचमनसाठी हाताने फिरवायचा भोंगा मंजूर करून घेतला. लोक हसले. “वॉर्डात गटार न्हाई आन् मेंबर भोंगे वाटायलेत,” असं आमच्या ओट्यावर बसून आमचाच चहा पीत म्हणाले.

अक्काचं आणखी एक होतं. रात्री दाराला कडी लावू द्यायची नाही. नुसतं लोटून ठेवायचं, आणि तिची बाज दाराशी. आम्हाला वाटायचं, काही झालं तर हिला आधी पळायचंय. भोगलं तिने, तिचा तो हक्कच आहे. आई तेवढं म्हणायची, “चोर आला तर आधी अक्काच्या अंगावर पडेल, मग बघू.”

मग गावात क्लासेसचं पीक आलं. बघता बघता चौकाचौकात गुणवत्ता यादीतल्या पोरांचे मोठमोठे फलक लागले. मुरुडची पोरं आली, शिरूर अनंतपाळची आली, अर्धापूरकडच्या केळीवाल्यांच्या पोरी आल्या. प्रत्येकाने घरावर मजला चढवला. ज्या गल्लीतली माणसं एके काळी छताखाली जायला भीत होती, तीच माणसं छतावर छत टाकत होती. आईनेही वर दोन खोल्या काढून मुली ठेवल्या. चाचींच्या मुलाने बांगड्यांचं दुकान निम्मं करून पोरांसाठी मेस काढली. टाकीभोवतीच्या मोकळ्या जागेत पत्र्याची शेडं उभी राहिली आणि त्यांत शेकडो पोरं मान खाली घालून बसायला लागली. भोंगा बरोबर त्यांच्या डोक्यावर.

आमच्या वरच्या मुली पहिल्या दिवशी भोंगा ऐकून जिना उतरून धावत आल्या होत्या. “काकू, काय झालं? युद्ध लागलं का?” आम्ही पोट धरून हसलो. पण क्लासवाल्यांना हसू येत नव्हतं. पेपर चालू असताना पोरं दचकतात, संध्याकाळच्या बॅचला शिकवताच येत नाही, म्हणून एका क्लासच्या सरांनी पालिकेला निवेदन द्यायचं ठरवलं. त्यात चूक काहीच नव्हतं. पोरांच्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन त्यांना इथे पाठवलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक घराने निवेदनावर सही केली. चाचींच्या मुलाने केली. आईनेही केली.

त्या दिवशी वडील चष्मा घरी विसरून सभेला गेले होते. मी तो नेऊन दिला आणि मागच्या बाकावर टेकले. मी तेव्हा कॉलेजात होते. आधी पाणी झालं, मग मोकाट कुत्री झाली. कुत्र्यांवर तर इतकं भांडण झालं, की बाहेर निजलेली कुत्री उठून गेली. मग भोंग्याचा विषय आला. वाचून होईपर्यंत निम्मे लोक चहा मागवत होते.

वडील उभे राहिले. “सकाळचा, दुपारचा बंद करा. संध्याकाळचा तेवढा ठेवावा, अशी विनंती आहे.”

अध्यक्षांनी कारण विचारलं.

“लोकांना सवय आहे.”

सभागृह हसलं. “मेंबरसाहेब, आता लोकांच्या खिशात मोबाइल आहेत,” कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, “आणि लोक म्हणजे कोण? सगळ्या सह्या तुमच्याच वॉर्डाच्या आहेत. वहिनींची पण आहे.”

वडिलांनी मला सहीचं विचारायला मागे वळून पाहिलं नाही. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता सांगतील. माझी बहीण या भोंग्यावर जगते, असं एक वाक्य बोलायचं होतं. ते उभेच राहिले. मग ठराव मताला आला आणि इतरांबरोबर त्यांचाही हात वर गेला. ठराव एकमताने मंजूर झाला.

परतताना मी रागाने म्हणाले, “बोलला का नाहीत?”

“एका म्हातारीपायी आख्ख्या गावाचा भोंगा कोणत्या तोंडाने मागू?” ते म्हणाले.

भोंगा बंद झाला त्या संध्याकाळी अक्का नेहमीसारखी ओट्यावर बसली होती. रस्त्यावर दिवे लागले. वीज होती, त्यामुळे तेही निमित्त नव्हतं. आई वडिलांच्या कानाशी म्हणाली, “बिघडलाय म्हणून सांगा.”

“किती दिवस?” वडील म्हणाले, आणि बाहेर जाऊन अक्काशेजारी बसले.

त्यांनी तिला खरं सांगितलं. यंत्र नव्हतं. कधीच नव्हतं. तू पावसात बसली होतीस, मला बघवलं नाही, म्हणून मी थाप मारली. “तसलं यंत्र कुटंच नसतं, अक्का. जमीन कुणाला सांगून हलत न्हाई.”

मला वाटलं, ती रडेल, नाहीतर चिडेल. ती टाकीकडेच बघत होती.

“सांगती की,” ती म्हणाली. “म्हैस दाव्याला हिसके द्यायली व्हती. कुत्री रडायली व्हती. मी जागीच व्हते रे. मला वाटलं, डास चावायले असतील. कुशी बदलली आन् पडून ऱ्हायले.” ती थांबली. “येक हाक मारायची व्हती. दोघं बी जागसूद व्हते. येका हाकंत बाहेर आले असते.”

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली होती. वडिलांनी तिचा हात धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला.

“तू भोंगा हाय म्हणलास, तवा ते काम माझ्यावरनं उतरलं व्हतं,” ती म्हणाली. “आता पुन्ना मलाच बसाय पायजे.”

ती आत आली, गोधडी उचलली आणि अंगणात निघाली. दारातून वळून माझ्याकडे बघत म्हणाली, “कडी लावू नकू बाई. मी हाक मारली की लगीच निघायचं.”

तेव्हा मला कळलं. ते बिनकडीचं दार तिच्यासाठी नव्हतं. ते आमच्यासाठी होतं. आम्ही इतकी वर्षं समजत होतो, की ही म्हातारी छताला भिते. तिला छताची भीती नव्हती. छताखाली आम्ही होतो, याची भीती होती.

त्यानंतर अक्का रोज बाहेर जागायची आणि दिवस उजाडला, की ओट्यावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. वरच्या मुली सकाळी क्लासला जाताना तिला ओलांडून जायच्या. वडिलांनी पुढच्या सभेत ऐनवेळच्या विषयात ठराव मागे घ्या म्हणून मागणी केली, आणि या वेळी सगळं सांगितलं. थापसुद्धा सांगितली. अध्यक्षांनी डोळे पुसले म्हणतात. मग म्हणाले, “फार वाईट वाटलं, मेंबर. पुढचा विषय घ्या.” कुणीही वाईट नव्हतं. मी आजही कुणाला दोष देऊ शकत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

फक्त रमजानात अक्का आत झोपायची. चाची भल्या पहाटे रोज्याआधीचं सेहरीचं जेवण करायला उठायच्या. गोष्ट कानावर आल्यावर त्या येऊन अक्काजवळ बसल्या होत्या. “आपा, मैं तो जागतीच हूं. म्हैस बोली तो मैं आवाज देती. तुम सो जाव,” असं म्हणाल्या. त्या महिन्यात अक्काच्या चेहऱ्यावर थोडी तकाकी यायची. ईद झाली, की तिची बाज पुन्हा अंगणात.

अशा किती थंड्या तिने काढल्या. शेवटच्या थंडीत छातीत कफ भरला आणि दवाखान्यात न्यावं लागलं. तिथेही ती छताकडे नाही, दाराकडे बघत पडायची. बोलणं जवळजवळ गेलं होतं. एका दुपारी वडिलांना खुणेने जवळ बोलावलं. मी पायथ्याशी होते.

“आता कोन रं?” तिने विचारलं.

वडील आयुष्यभर लोकांना “होऊन जाईल” म्हणत आले होते. त्यातलं किती झालं, ते गावाला ठाऊक आहे. या वेळी ते तसं म्हणाले नाहीत.

“मी हाय, अक्का,” ते म्हणाले.

तिने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिचं दिवसकार्य झालं त्या संध्याकाळी वडिलांनी स्वतःची बाज उचलून अंगणात लिंबाखाली नेली. मला वाटलं, दुःखात आहेत, चार दिवस झोपतील. पण ते जिवंत होते तोवर आत झोपले नाहीत. पुढली निवडणूक ते हरले. नंतर दुकानही सुटलं, पण बाज आत आली नाही. दिवेलागण झाली की ओट्यावर यायचं, गप्प पडलेल्या टाकीकडे एकदा बघायचं आणि गोधडी घेऊन बाहेर जायचं.

दरवर्षी वरच्या खोल्यांत नव्या मुली यायच्या आणि प्रत्येक थंडीत त्यांच्यातली कुणीतरी विचारायचीच, “काकू, एवढ्या थंडीत काका बाहेर का झोपतात?”

निवेदनावर सही करणारी, अक्काला टोमणे मारणारी माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एकच उत्तर द्यायची.

“कुणीतरी जागं पाहिजे, बाई. तुम्ही आपला अभ्यास करा. आणि दाराला कडी लावू नका.”